गोळी आणि काढा

आमच्या घरांत औषधांचीं दोन खातीं होतीं. एक आजीचें आणि दुसरें आजोबांचें. आजीचें खातें माजघरांतल्या कोनाड्यांत, चौदा खणांच्या एका शिसवी पेटींत असे. आजोबांचें ओटीवरच्या फडताळांत, हिरव्या रंगाच्या एका पत्र्याच्या डब्यांत असे. त्या डब्यावर कोणे एके काळीं पांढऱ्या रंगानें कांहीं अक्षरें आणि आंकडे घातलेले होते. आमच्या वेळेपर्यंत त्यांतला एक तीन आणि एक सात एवढेच ओळखूं येत. पेटीला कुलूप नव्हतें, डब्याला होतें. घरांत कोणी शिंकलें कीं पहिला प्रश्न उभा राही तो हा, कीं हें दुखणें कोणत्या खात्यावर मांडावयाचें. येणाऱ्याजाणाऱ्यास हा म्हाताऱ्या जोडप्याचा लटका झगडा वाटे. आम्हां भावंडांस त्याची मौज वाटे, आणि काढ्यापेक्षां गोळी गिळावयास सोपी म्हणून आमचें मत बहुधा आजोबांच्या पारड्यांत पडे. या झगड्याच्या तळाशीं काय आहे हें कळावयास आम्हांस वयाचीं अकरा वर्षें आणि एक हिवताप लागला.

आजीची पेटी उघडली म्हणजे प्रथम वेखंडाचा उग्र वास नाकांत शिरे. मग सुंठ, ओवा, हिंग, जायफळ हे वास आपापली ओळख देत मागून येत. बाळहिरडा, हळकुंड, मुरुडशेंग, काकडशिंगी, डिकेमाली, अतिविष हीं लहान मुलांच्या गुटीचीं, ज्येष्ठमध खोकल्याचें, लवंगा दांताच्या, गुळवेलीचे वाळलेले तुकडे आणि काडेचिराईत हीं तापाचीं. दोन-चार बिब्बे निराळ्या चिंधींत बांधून अगदीं तळाशीं ठेवलेले असत. ते फक्त तिच्या स्वतःच्या टांचांच्या भेगांसाठीं, आणि त्या चिंधीला आम्हीं हात लावतां कामा नये अशी सक्त ताकीद होती.

गुटी उगाळतांना आजी वळसे मोजी. सहाणेवर हिरड्याचे इतके, वेखंडाचा एक, जायफळाचा अर्धाच. मूल महिन्याचें असेल तर निराळा हिशेब, सहा महिन्यांचें झालें कीं निराळा. जायफळाला हात जड झाला तर मूल गुंगून पडतें आणि अतिविषाचा वळसा चुकूं नये, हें ती सुनांस बजावून सांगे. शिकलेलीं माणसें घरगुती औषधांस ‘अंदाजपंचे’ म्हणून हंसतात, त्यांनीं एकदां अशा सहाणेपाशीं बसून पाहावयास हवें होतें. हें वळशांचें कोष्टक आजीला तिच्या सासूकडून मिळालें होतें. तें कोठें लिहिलेलें नव्हतें. आणि जें लिहिलेलें नसतें त्याच्याविषयीं कोणी शंकाही विचारीत नाहीं, हा त्याचा गुण म्हणावा कीं दोष, हें प्रकरणपरत्वें ठरतें.

आजोबा या सहाणेला कधीं हंसले नाहींत. ते मूळचे कंपाउंडर. सातारा जिल्ह्यांतल्या एका तालुक्याच्या गांवीं एका डॉक्टरांच्या दवाखान्यांत बाटल्यांवर कागदाच्या कात्रीनें कापलेल्या मात्रा चिकटविण्यांत त्यांचीं सुरुवातीचीं वर्षें गेलीं होतीं, त्यामुळें मोजून देणाऱ्या माणसाविषयीं त्यांना उपजत आदर होता. १९४३ सालीं, पंचविसाव्या वर्षीं, ते पुण्यास जाऊन सैन्यांत भरती झाले. इंडियन आर्मी मेडिकल कोअर हें खातें त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें उभें राहिलें होतें आणि त्याला औषधांचीं नांवें वाचतां येणारीं माणसें हवीं होतीं. हुद्दा मिळाला तो नर्सिंग सिपायाचा. भरती होण्याचें कारण विचारलें तर आजोबा सरळ सांगत, “पगार.” घरांत एक वर्षाची मुलगी होती, म्हातारे आईवडील होते, आणि धान्याचे भाव रोज निराळे होते. धाकट्या भावानें मात्र त्यांच्याशीं दोन वर्षें बोलणें टाकलें. आमच्या जिल्ह्यांत तेव्हां नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे दिवस होते. ज्या घरांतलीं पोरें रात्रीं भूमिगतांस भाकरी पोंचवीत, त्याच घरांतला थोरला इंग्रजाचा गणवेष चढवून निघाला, ही गोष्ट भावाला सोसणारी नव्हती. त्यांत कोणाचें चुकलें याचा निवाडा करावयास आम्ही तेथें नव्हतों. भाकरी आणि पगार एकाच चुलीवरून जात होते, एवढें मात्र आजी सांगे.

लढाईच्या गोष्टी ऐकण्याची आमची हौस आजोबांनीं कधीं पुरी केली नाहीं. तोफा, विमानें, जपान्यांचे छापे यांतलें काहीं विचारलें तर ते आगगाडीचें वर्णन करूं लागत. कलकत्त्याच्या पुढें अरुंद रुळांची गाडी, मग अमीनगांवास गाडी सोडून नावेंतून ब्रह्मपुत्रा ओलांडावयाची, कारण तेव्हां तिच्यावर पूल नव्हता (तो झाला १९६२ सालीं), पलीकडे पांडूस पुनः गाडी, आणि शेवटीं मणिपूर रोड नांवाचें स्टेशन, म्हणजे आजचें दिमापूर. ब्रह्मपुत्रेचें पात्र आमच्या कृष्णेच्या किती पट, हें सांगतांना त्यांचे हात पुरत नसत. तेथून डोंगरांतल्या रस्त्यानें कोहिमावरून इंफाळ.

त्यांची लढाई डांसांशीं झाली. हें वाक्य विनोदाचें वाटेल, पण आंकडे पाहावेत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील चौदाव्या सैन्याचे सेनापति जनरल स्लिम यांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे कीं १९४३ मध्यें जखमी होऊन मागें पाठविलेल्या दर एका माणसामागें दुखण्यानें मागें पाठविलेलीं १२० माणसें होतीं. आणि एकट्या हिवतापाचें वार्षिक प्रमाण सैन्याच्या शेंकडा ८४ होतें. म्हणजे शत्रूनें गोळी न झाडतां नुसतें वाट पाहात बसावें, तरी फौज आपोआप झिजावी. त्यांतच क्विनीन मिळेनासें झालें होतें. जगांतल्या क्विनीनपैकीं सुमारें नऊ-दशांश माल जावा बेटांतल्या सिंकोना झाडांच्या सालीपासून येई, आणि तें बेट मार्च १९४२ मध्यें जपान्यांनीं घेतलें. आपल्या नीलगिरीच्या आणि दार्जिलिंगकडच्या बागा होत्या, पण त्यांच्यानें एवढी गरज भागण्यासारखी नव्हती.

क्विनीनच्या जागीं आली ती मेपाक्रीन. पिवळी, कडू गोळी. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं लढाईपूर्वीं शोधलेली, आणि आतां जर्मनीच्याच शत्रूंच्या पोटांत रोज एक जाऊं लागलेली. ती घेणाऱ्याचें अंग हळदीसारखें पिवळें पडे. शिपायांत लागलीच आवई उठली कीं या गोळीनें पुरुषत्व जातें आणि पुढें मूलबाळ होत नाहीं. गोरे काय, काळे काय, इंग्रजी शिकलेले काय आणि अंगठा उठविणारे काय, सगळे जिभेखालीं गोळी दाबून ठेवीत आणि अंधारांत थुंकून टाकीत. खेड्यांतल्या अडाणीपणावर व्याख्यानें देणाऱ्यांची गांठ पडली कीं आजोबा ही हकीकत हटकून सांगत. उपाय झाला तो कवायतीचा. संध्याकाळीं बाह्या खालीं, विजारी मोज्यांत, आणि अधिकाऱ्यासमोर रांग. आजोबा डबा घेऊन रांगेनें फिरत: गोळी, पाण्याचा घोट, आणि मग “मुंह खोलो, जबान उठाओ.” अचानक तपासून पाहात, आणि एखाद्या पलटणींत शेंकडा ९५ जणांच्या अंगांत औषध सांपडलें नाहीं तर स्लिमसाहेब त्या पलटणीच्या मुख्यालाच काढून टाकीत. तीन मुख्य काढावे लागले. पुढें कोणाला काढावें लागलें नाहीं. शिवाय हिवतापाच्या रोग्यास हिंदुस्थानांतल्या इस्पितळापर्यंत न धाडतां आघाडीच्या मागेंच कांहीं मैलांवर तंबूंत ठेवून तीन आठवड्यांत बरा करावयाचा, अशीं पथकें उभीं केलीं होतीं. तसल्याच एका पथकांत आजोबा होते. दर संध्याकाळीं किती गोळ्या दिल्या, किती उरल्या, याची नोंद वहींत व्हावयाची. शंभराच्या डब्यांत शंभर भरले पाहिजेत.

मार्च १९४४ मध्यें जपानी सैन्य चिंदविन नदी ओलांडून आलें. सांगशाक येथें चौथ्या बटालियनच्या मराठ्यांनीं आणि छत्रीधारी सैनिकांनीं त्यांना कांहीं दिवस रोखलें, पण महिनाअखेर कोहिमाचा रस्ता तुटला आणि इंफाळला वेढा पडला. २२ जूनला रस्ता मोकळा होईपर्यंत धान्य, दारूगोळा, औषधें सारें विमानांनींच यावयाचें. टपाल येई तेंही शिळें. याच वेढ्याच्या अखेरीस आजोबांना घरचें एक पत्र मिळालें. आजीला तेव्हां लिहितां येत नव्हतें; पत्र सासऱ्यांच्या हातचें होतें. सर्व क्षेम, म्हैस व्याली, पाऊस लांबला, आणि शेवटच्या ओळींत: मुलीस एक दिवसाआड हींव भरून ताप येतो, पांथरी वाढली आहे, क्विनीन मिळत नाहीं, काढा चालूं आहे.

त्या वेळीं देशांत क्विनीनची काय स्थिति होती हें आतां पुष्कळांस ठाऊक नसेल. एरवीं पोस्टाच्या खिडकीवर ज्याची पुडी मिळे, तें औषध सावकाराच्या दारींही मिळेनासें झालें. होतें तें आधीं फौजेला. उरलें तें चढ्या भावानें, आणि त्यांतही खडूची भेसळ. आजोबांचे जुने डॉक्टर भले गृहस्थ होते, पण त्यांच्या कपाटांतली बाटलीही रिकामी होती. काढा चालूं आहे असें सासरे लिहितात, तेव्हां आजी काय करीत होती हें आम्हीं पुढें तिच्याच तोंडून ऐकलें. गुळवेल, काडेचिराईत, पारिजातकाचीं पानें; पहाटे उठून उकळावयाचीं, अष्टमांश आटवावयाचीं. ताप उतरे, अंगाला घाम सुटे, मुलगी खेळूं लागे. आणि तिसऱ्या दिवशीं ठरल्या वेळेला दांतावर दांत वाजूं लागत. पाळीच्या तापाची हीच खुबी आहे कीं तो मधल्या दिवशीं आपण होऊनच जातो, आणि जाण्याचें श्रेय हातांत जो कांहीं पेला असेल त्याला मिळतें.

मुलगी ऑगस्टमध्यें गेली. दोन वर्षांची होती. कळविणारें पत्र आजोबांच्या हातीं पडलें तेव्हां ते ताम्मूच्या रस्त्यावर होते आणि सप्टेंबर अर्धा उलटला होता. रजा मागितली नाहीं. मागून काय उपयोग होता?

१९४६ सालीं ते परत आले. दवाखान्यांतली जुनी जागा मिळाली. हिरवा डबा तेव्हांचाच. रिकामा म्हणून मिळालेला. त्यांत थर्मामीटर, पट्ट्या, टिंक्चर आयोडीन, पोटॅश परमँगनेट, आणि पुढें क्लोरोक्विन मिळूं लागलें तेव्हां तें. याच वेळीं त्यांनीं एक लांबट वही आणून तींत रकाने आंखले: तारीख, कोण, दुखणें, औषध, मात्रा, शेरा. घरांत कोणाला कांहींही झालें कीं तें त्या वहींत उतरे. आजीनें दिलेलें औषधही त्याच शिस्तीनें उतरे. किती वळसे तें विचारून घेत. त्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या न लिहिलेलें तें कोष्टक एका फौजी माणसाच्या अक्षरांत प्रथमच कागदावर आलें. आजीला लिहावयास-वाचावयास त्यांनींच शिकविलें, आणि तेंही या वहीवरच. त्यामुळें ‘आई’, ‘बाळ’ हे शब्द लिहावयास येण्याच्या आधीं तिला ‘वेखंड’ लिहितां येऊं लागलें.

दहा-पंधरा वर्षांच्या नोंदी झाल्यावर आजोबांनीं कांहीं गोष्टी घरांतून काढल्या. पहिली बाळागोळी, तींत अफू असे, आणि मूल शांत झोंपतें तें बरें होऊन नव्हे हें त्यांना दवाखान्यांतच कळलें होतें. दुसरी, लहान मुलांस बिब्बा लावणें. तो उतला म्हणजे कातडी सोलवटून निघते. तिसरी, जुलाबांत मुलाचें पाणी तोडणें. या तिसरीवरून मात्र आजीशीं खडाजंगी झाली. वरून पाणी घातलें तर खालून जाणारच, हें तिचें तर्कशास्त्र. नळ फुटला म्हणून हौद भरूं नये काय, हें त्यांचें. तह झाला तो तिच्याच एका पदार्थावर. तांदळाची पातळ पेज, चिमटीभर मीठ घालून, ती पूर्वींपासून देतच असे. ती तिनें थोडी थोडी, पण दर जुलाबामागें द्यावी असें ठरलें. पुढें १९७१ मध्यें बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी माजली, तेव्हां बनगांवच्या छावणींत डॉ. दिलीप महालनवीस यांनीं शिरेंतून द्यावयाचें पाणी संपल्यावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तोंडानें पाजविला व हजारों माणसें वांचविलीं. तांदळाच्या पिठाचें तसेंच पाणी गुणकारी असतें हेंही नंतर सिद्ध झालें. ती बातमी वाचून दाखवितांना आजोबांनीं श्रेय कोणास दिलें असेल? त्यांनीं चष्मा काढून आजीला एवढेंच सांगितलें, “अगं, तुझी पेज कलकत्त्याला पोंचली.”

चौथी गोष्ट डाग. तापविलेल्या विळ्यानें किंवा सळईनें मुलाच्या पोटावर डाग देण्याची चाल आमच्याकडे होती. पांथरीला, पोटाच्या डब्याला, काविळीला. या बाबतींत आजोबा बोलत नसत. एरवीं प्रत्येक गोष्टीचें कारण सांगणारा माणूस येथें गप्प होई. एकदां शेजारच्या आळींत एका मुलाला डाग देणार असल्याचें कळलें. आजोबा जेवणावरून उठले, अनवाणी गेले, आणि त्या घराच्या उंबऱ्यावर आडवे बसले. “मी बसलों आहें तोंवर विळा आंत जाणार नाहीं. गाडी जुंपा, तालुक्याला चला,” एवढेंच म्हणाले. दोन तास बसले. शेवटीं गाडी जुंपली. मुलगा जगला, पुढें तो एस. टी. मध्यें वाहक झाला, आणि आजोबा दिसले कीं तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशांतून भरी. आजोबांस त्याचा फार संकोच वाटे.

आमचा हिवताप १९८१ च्या पावसाळ्यांतला. १९५३ मध्यें राष्ट्रीय हिवताप नियंत्रण योजना निघून डी. डी. टी.ची फवारणी झाली, साठच्या सुमारास रोग गेल्यासारखा वाटला, आणि मग १९७६ मध्यें देशभर चौसष्ट लाख रोगी मोजले गेले. त्या उलट्या लाटेच्या शेपटांत आम्ही सांपडलों. दोन गोधड्या आणि एक घोंगडी अंगावर घालूनही खाट वाजत होती हें आठवतें. आजोबांनीं बोटाला सुई टोंचून रक्ताची कांच तालुक्याला पाठविली आणि डबा उघडला. क्लोरोक्विन फार कडू. आम्हीं ती गालांत दाबून धरली आणि गिळल्याची बतावणी केली. अकरा वर्षांच्या मुलाला वाटलें, हें कोणास कळणार! आजोबा खाटेशीं ताठ उभे राहिले, आणि आम्हीं कधीं न ऐकलेल्या आवाजांत म्हणाले, “मुंह खोलो. जबान उठाओ.” छत्तीस वर्षें सरलीं होतीं, पण रांग अजून मोडली नव्हती.

आम्ही रडूं लागलों. आजोबांचे हात कांपत होते. गोळी पुनः तोंडांत घालतांना त्यांच्या बोटांचे कंप आमच्या दांतांना लागले. आजी काढ्याचा पेला घेऊन दारांत उभी होती. ती आंत आली, पेला खालीं ठेविला, आणि आमच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, “घे रे बाळा. माझ्या काढ्यानें नाहीं जात हा. मी पाहिलेंय.” मग त्या रात्रीं, बहुधा आम्हीं झोंपावें म्हणून, किंवा आम्ही झोंपलों आहोंत असें समजून, तिनें त्या आत्याची हकीकत सांगितली, जिचें नांवही आमच्या कानांवर आजवर आलें नव्हतें. काढा किती दिवस दिला. पांथरी हाताला कशी दगडासारखी लागे. आणि मग सासूनें, शेजारणींनीं, सगळ्यांनीं सांगितलें म्हणून, श्रावणांतल्या एका सकाळीं तिनें मुलीचे पाय धरले आणि म्हाताऱ्यानें डाग दिला. जखम चिघळली. त्यानंतर नऊ दिवस. “मीच धरले होते पाय,” असें ती दोनदां म्हणाली.

आजोबा ओटीवर होते. मधलें दार उघडें होतें आणि ऐकूं जात होतें, हें तिला ठाऊक नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ओटीवरून आवाज आला:

“ताप आल्याचें पत्र मिळालें तेव्हां माझ्या हातांत दोन डबे होते. आठ-दहा गोळ्या पाकिटांत घालून पाठवितां आल्या असत्या. घेणारा एक शिपाई उपाशी राहिला असता, इतकेंच. मीं मोजून पाहिल्या. शंभराला शंभर भरल्या.”

आजी म्हणाली, “पोंचल्या नसत्या. पाकिटें फोडीत ना?”

“फोडीत,” आजोबा म्हणाले. “पण मीं पाठविल्या नाहींत.”

हें संभाषण त्यांच्यांत प्रथमच होत होतें कीं अनेकदां झालेलें होतें, याचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. स्वर पहिल्यानें होणाऱ्या बोलण्याचा नव्हता, एवढें खरें.

आजोबा १९९४ सालीं गेले, आजी त्यानंतर पांच वर्षांनीं. त्या दोघांच्या मागें घडलेल्या दोन गोष्टी त्यांना सांगावयाची फार इच्छा होते. पहिली अशी: १९६७ मध्यें, व्हिएतनामच्या युद्धांत शिपाई हिवतापानें पडूं लागले म्हणून, चीननें हिवतापाच्या नव्या औषधाचा शोध सैनिकी गुप्ततेनें सुरूं केला. त्यांतल्या तू यूयू नांवाच्या बाईंनीं जुने वैद्यकग्रंथ आणि घरगुती नुसखे चाळले आणि एका रानटी दवण्यासारख्या वनस्पतीवर नजर ठेविली. पण काढा उकळला कीं गुण जाई. चौथ्या शतकांतल्या एका ग्रंथांत ती वनस्पति पाण्यांत भिजवून पिळून रस घ्यावा असें सांपडलें. उकळावयाचें नांव नाहीं. त्यावरून त्यांनीं कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि त्यांतून निघालें तें आर्टेमिसिनिन. आज हिवतापावर सर्वत्र जीं औषधें मुख्य मानतात तीं त्याचींच कुळें. बाईंना २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ही हकीकत आजीला सांगितली असती, तर तिनें लागलीच विचारलें असतें कीं मग आमची गुळवेल भिजवून पाहिली आहे काय कोणी. आणि आजोबांनीं विचारलें असतें, रक्ताच्या कांचा किती तपासल्या?

दुसरी गोष्ट गुळवेलीचीच. २०२० च्या करोनाच्या सांथींत ती घरोघर पिऊं लागले. मोजमाप नाहीं, मुदत नाहीं, बाटलीवर सुंदर चित्र. २०२१ मध्यें मुंबईच्या यकृतरोगतज्ज्ञांनीं ती घेतलेल्या कांहीं रोग्यांच्या यकृतास इजा झाल्याचें प्रसिद्ध केलें. सरकारी आयुष मंत्रालयानें तें मानलें नाहीं आणि वाद चालला. या वादांत पडण्याइतकें आमचें ज्ञान नाहीं. पण एका गोष्टीचें वाईट वाटलें: समाजमाध्यमांतून ते काढे सुचविणाऱ्या शेंकडों माणसांत आम्हांस एकही असा भेटला नाहीं, जो वळसे मोजीत होता.

पेटी आणि डबा आतां आमच्याकडे आहेत. पेटींतल्या सात-आठ खणांत अजून कांहींना कांहीं असतें. डब्याचें कुलूप गंजून निघालें. वही मात्र जपून ठेविली आहे. तिचें पहिलें पान आम्हीं आजी गेल्यावर प्रथम नीट पाहिलें. तोंवर आम्ही आपल्या स्वतःच्या नोंदी शोधीत असल्यामुळें मागचींच पानें उलटीत होतों. वही १९४६ सालीं सुरूं झाली, परंतु पहिली नोंद १९४४ ची आहे. तारखेच्या रकान्यांत ‘ऑगस्ट’ एवढेंच. ‘कोण’ या रकान्यांत आत्याचें नांव. दुखणें: ‘पाळीचा ताप, पांथरी’. हीं अक्षरें आजोबांचीं, बारीक आणि उभीं. औषधाचा रकाना त्यांनीं कोरा सोडला असावा. त्यांत आज मोठ्या, वांकड्या, नव्यानेंच लिहावयास शिकलेल्या हातानें लिहिलेले दोन शब्द आहेत: ‘काढा. डाग.’ मात्रेच्या रकान्यांत पुनः आजोबांचें अक्षर: ‘१०० पैकीं ०’. शेरा नाहीं.

त्याखालची नोंद आमच्या वडिलांची आहे. जानेवारी १९४९, खोकला, ताप नाहीं, ज्येष्ठमध, दोन वळसे, मधांतून, दिवसांतून तीनदां, चौथ्या दिवशीं बरा.